साळुंक्यांचा ठराव

गायरानात माणसांच्या आधी जनावरांची पंचायत भरायची, त्या काळातली ही गोष्ट. गोचिडांनी सगळीच जनावरं बेजार होती. साळुंक्या गोचीड टिपून काढत, पण फक्त दुभत्या आणि औताच्या जनावरांचे, असा पंचायतीचा नियम होता. भाकड गाई आणि गाढव आपले झाडाला अंग घासत बसत.

पंचायतीत निवडून आलेल्या मोरणी म्हशीला हे पटेना. दुपारी सगळी पिंपळाच्या सावलीत टेकली असताना तिने सरळ ठराव मांडला, "साळुंक्यांनी सगळ्यांच्याच पाठीवर बसायचं."

"साळुंक्या आहेत मोजक्या," तांबडा बैल म्हणाला. "आमची पाळी मागे पडेल, त्याचं काय?"

"पडेल की. थोडं थांबावं लागेल, मलाही," मोरणी म्हणाली. "पण मला सांगा दादा, सकाळी तुमचं अंग साफ होतं आणि दुपारी पुन्हा खाज सुटते. ती येते कुठून?"

बैलाने शेजारी पाहिलं. सावली एकच होती, त्यामुळे गाढव त्याला खेटूनच बसलं होतं. गाढवाच्या मानेवरून एक टपोरा गोचीड रमतगमत बैलाच्या खांद्याकडे निघाला होता.

बैल गडबडीने उठला. "आधी याला साफ करा," तो साळुंक्यांवर खेकसला.

"म्हणजे ठराव मंजूर," मोरणी रवंथ करत म्हणाली.

एक साळुंकी गाढवाजवळ आली आणि त्याच्या पाठीवर अलगद उतरली. पाठीवर काहीतरी टेकलं, तसं गाढव सवयीने पाय रोवून उभं राहिलं आणि ओझं वाढण्याची वाट बघू लागलं.