सगळं ठीक असल्याचा निरोप

फार पूर्वी घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात मल्हारी नावाचा शिपाई राहत होता. राहत होता म्हणायचं एवढंच, कारण वर्षानुवर्षं तो राज्याच्या सीमेवरच्या एका किल्ल्यात पहाऱ्यावर असे. घरी त्याची बायको सगुणा, म्हातारी आई आणि तानी नावाची लहान मुलगी होती.

किल्ला फार लांब होता आणि तिथून रजा मिळत नसे. तिकडे मीठ घेऊन जाणारा सोमला नावाचा लमाणच काय तो बैलांचा तांडा घेऊन गावात थांबायचा आणि निरोप पोचवायचा.

मल्हारी किल्ल्यावर निघाला, तेव्हा सासूनं सगुणेला बजावलं होतं, “पोरी, पहाऱ्यावरच्या माणसाला घरचं रडगाणं कळवू नये. त्याचं लक्ष उडतं.”

सगुणेनं ते मनावर घेतलं. सोमला आला की ती पदर सावरून हसतमुखानं दारात यायची.

“काय सांगू वहिनी?”

“सगळं ठीक आहे म्हणावं.”

एका पावसाळ्यात घराची मागची भिंत पडली. सगुणेनं भगदाडावर पोती बांधली आणि निरोप दिला, सगळं ठीक आहे. सासूची दृष्टी गेली, तेव्हाही तेच. एकदा सगुणा तापानं पडून राहिली आणि एवढीशी तानी तिला शिळी भाकरी पाण्यात भिजवून भरवत होती. सोमला दाराशी आला, तेव्हा भिंतीला धरून उठत ती म्हणाली, “हे त्यांना सांगायचं नाही. शपथ आहे तुम्हाला.”

तिकडे मल्हारीही तसाच. कड्यावरून पडून त्याचा पाय कायमचा अधू झाला. एका चकमकीत त्याच्या पहाऱ्यावरच्या जोडीदारानं त्याच्या मांडीवर प्राण सोडला, आणि तेव्हापासून त्याला धड झोप लागेना. पण सोमलाला तो म्हणायचा, “मजेत आहे म्हणून सांग. आणि बाकीचं तुझ्यापाशीच ठेव.”

सोमला दोन्हीकडचं पाहायचा आणि दिलेल्या शब्दाला जागून गप्प राहायचा.

एकदा कुणीतरी तानीला विचारलं, “तुझे बाबा कुठे राहतात गं?”

“मीठवाल्याच्या तोंडात,” तानी म्हणाली. सगळे हसले. सगुणा घरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

गावात तिचं फार कौतुक व्हायचं. शेजारच्या भिवजीची बायको पारू मात्र चेष्टेचा विषय झाली होती. भिवजी मल्हारीच्याच किल्ल्यात होता. सोमला दिसला की पारू रस्त्यातच रडायची. “त्यांना सांगा, मला एकटीला जमत नाही. घर खायला उठतं.” बायका म्हणायच्या, शिपायाची बायको आणि एवढी हळवी!

पुढे सीमेवर जरा शांतता झाली. एका शिपायाला कायमचं घरी सोडावं, अशी राजाज्ञा आली. किल्लेदारानं सगळ्यांना बोलावलं आणि मल्हारीला म्हटलं, “तू सगळ्यांत जुना. पाळी तुझी आहे.”

मल्हारीच्या डोळ्यांपुढे घर आलं. पण त्या घरात आपली जागा कुठली, ते त्याला दिसेना. इतकी वर्षं ते त्याच्यावाचून ठीकच चाललं होतं. त्यात हा अधू पाय. तो म्हणाला, “भिवजीला सोडा, साहेब. त्याची बायको दर खेपेला रडते. माझ्या घरी काही अडलेलं नाही.”

“नीट विचार कर. पुढची पाळी कधी येईल, सांगता येत नाही.”

मल्हारीनं बाजूला मीठ उतरवणाऱ्या सोमलाकडे पाहिलं. “दादा, तू तर माझं घर पाहतोस. ठीक आहे ना सगळं?”

सोमलाच्या ओठांशी शब्द आले होते. पण त्याला शपथ आठवली. मान खाली घालून तो म्हणाला, “वहिनींनी तरी तसंच सांगितलंय.”

भिवजी घरी आला. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर पारूनं सगुणेचे हात धरले. “तुझ्या धन्यानं आपली पाळी माझ्या माणसाला दिली. म्हणाले, माझ्या घरी काही अडलेलं नाही. तुझे उपकार कसे फेडू?”

सगुणा घागर न भरताच घरी परतली. सासूपुढे बसून तिनं सगळं सांगितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

म्हातारीनं चाचपडत तिचा चेहरा शोधला. “चूक माझी आहे, पोरी. तुझे सासरेही असेच पहाऱ्यावर असायचे, आणि त्यांनाही मी असंच ठीक ठीक सांगत राहिले. ते कायमचे घरी आले, तेव्हा एकमेकांशी काय बोलावं तेच आम्हाला कळेना. शेवटपर्यंत पाहुण्यासारखे राहिलो. तू तसं करू नकोस.”

सोमला पुन्हा आला, तेव्हा सगुणेनं त्याला ओटीवर बसवलं. भिंतीचं सांगितलं, तापाचं सांगितलं, तानीचं बोलणं सांगितलं. मग म्हणाली, “संध्याकाळी दाराला कडी लावताना मला भीती वाटते, हेही सांगा. त्यांच्यावाचून काही अडत नाही, हे खोटं आहे म्हणावं.”

किल्ल्यात मल्हारीनं हा निरोप उभ्यानं ऐकायला सुरुवात केली आणि मध्येच तो खाली बसला. घरी जायची संधी हातची गेली होती. पण कुणीतरी आपली वाट पाहतंय, हे त्याला आज कळलं होतं. मग त्यानंही पायाचं, जोडीदाराचं, न लागणाऱ्या झोपेचं सगळं सांगून टाकलं.

पुढची पाळी यायला फार वर्षं गेली. म्हातारी तेवढी थांबली नाही. तानी आईच्या खांद्याला लागली.

शेवटी एके सकाळी मल्हारी लंगडत गावात शिरला. लोक त्याच्या पायाकडे बघत राहिले. सगुणेला त्यात नवं काही नव्हतं. तानी दाराआड उभी राहून या अनोळखी माणसाकडे पाहत होती. त्यानं तिला जवळ ओढलं नाही. येईल तेव्हा येईल, असं म्हणून तो ओटीवर टेकला.

“कशी आहेस?” त्यानं सगुणेला विचारलं.

“थकलेय,” ती म्हणाली, आणि त्याच्या शेजारी बसली.

“मीही,” तो म्हणाला.

तात्पर्य: आपल्या माणसाला काळजी नको म्हणून लपवलेलं दुःख दोघांनाही एकटं पाडतं. दूर असलेल्याला आपलं खरं कळू द्यावं, म्हणजे घरातली त्याची जागा त्याला दिसत राहते.