म्हाळूनं पाल कोरडं ठेवलं

माणदेशाकडच्या एका वाडीत म्हाळू नावाचा एक भोळा धनगर राहत होता. सांगितलेलं काम तो कधी टाळत नसे. त्याच्या बायकोला, हौसाला, काळजी होती ती याचीच.

उन्हाळ्यात दोघं मेंढरं आणि एक कोंबडी घेऊन गावोगाव हिंडत. शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवून घेत आणि धान्य देत. रानातच कापडाचं पाल ठोकायचं आणि राहायचं. त्या साली अवकाळी पावसानं त्यांची पाठ धरली. पहिल्याच मुक्कामी म्हाळूनं सखल जागा बघून पाल ठोकलं, कारण तिथली माती मऊ होती. दुपारी पाऊस आला आणि चूल न पेटवताच बाजरीच्या पिठाची आंबील झाली.

हौसानं समजावलं की पाणी सखलात येतं, पाल उंचावर ठोकावं. म्हाळूला पटलं.

पुढचं रान अगदी सपाट होतं. उंच असं काय ते एकच, मालकाची कडब्याची गंज. हौसा सरपणाला गेली तेवढ्यात म्हाळूनं गंजीवर पाल ठोकलं. पाऊस आला, पाल कोरडं राहिलं. म्हाळू आत खुशीत आडवा झाला. खाली मेंढरं गंज खात होती. संध्याकाळी गंज कलली आणि म्हाळू पालासकट मालकाच्या पुढ्यात उतरला. मालकानं दोघांना त्याच पावली वाटेला लावलं.

वाटेत हौसा म्हणाली, "पाल जमिनीवरच ठोकायचं. पण भोवतीनं चर पायजे. चारी बाजूंनी. मग पाणी आत येत नाय."

"एवढंच व्हय," म्हाळू म्हणाला. चरायचं काम त्याच्या मेंढरांना शिकवावं लागत नव्हतं.

पुढच्या रानात पालाशेजारी मालकानं म्हशींसाठी मेथीघास राखला होता. म्हाळूनं मेंढरं पालाच्या चारी बाजूंनी सोडली. घास बुडख्यापर्यंत गेला. मग पाऊस आला, आणि पाणी सरळ आत आलं. म्हाळूला नवल वाटलं. मेंढरांनी तर एक काडी ठेवली नव्हती.

तिथूनही हाकललं. आता आसरा देणारे एकटे दगडूआबा उरले होते, ते हौसाच्या वडिलांच्या ओळखीचे म्हणून. इथूनही घालवलं तर मोकळी पोती घेऊन घरी जायचं. दळणाला गावात जाताना हौसानं म्हाळूच्या हातात कुदळ दिली.

"चर म्हंजी कुदळीनं खणायचा. पालाजवळ पाणी साठलेलं दिसलं, की त्याला वाट खणून द्यायची. माझी वाट बघत बसायचं नाय."

म्हाळूनं मान डोलावली आणि पालाला फेरी मारली. आभाळ स्वच्छ होतं. पाणी कुठंच दिसेना. त्यानं जरा लांबून फेरी मारली. मग शेजारच्या मातीच्या बांधावर चढून पाहिलं. पलीकडे दगडूआबांचं शेततळं होतं, डाळिंबांसाठी काठोकाठ भरून ठेवलेलं. एवढं पाणी, आणि तेही पालाच्या इतक्या जवळ.

म्हाळूनं हातावर थुंकून कुदळ उचलली.

हौसा परत आली तेव्हा दगडूआबा तिच्याबरोबर होते. पाल ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलं होतं आणि त्याच्यावर कोंबडी बसली होती. मेंढरं टेकाडावरून बघत होती. बांधाला बैलगाडी जाईल एवढं भगदाड होतं, आणि त्याच्या काठावर म्हाळू घाम पुसत बसला होता. आबांनी कपाळाला हात लावला.

म्हाळूनं त्यांना धीर दिला.

"घाबरू नका आबा. मी येळेवर बघितलं म्हणून बरं. एवढं पाणी पालात शिरलं असतं म्हंजी?"