वेळूचं बन आणि साळूची टोपली

राजा उदयभानानं वेळूवाडीचं वेळूचं बन सरकारजमा केलं, तेव्हा वाडीतल्या बुरडांच्या हातातली कोयती हातातच राहिली. त्या बनावरच तर सगळी वाडी जगत होती. सुपं, टोपल्या, पाळणे, सगळं त्यातूनच विणायचं. राजाला वेळूचा उपयोग काय? काहीच नाही. शेजारच्या देवपूरच्या राजानं वेळूचं बन लावलंय, एवढं त्याच्या कानावर आलं होतं.

वाडीतली माणसं गाऱ्हाणं घेऊन दरबारात गेली. बोलायला पुढे झाली ती धर्मू बुरडाची लेक साळू. तिनं सरळच विचारलं, "महाराज, तुम्ही टोपल्या विणणार आहात का?"

दरबार चपापला, पण राजा रागावला नाही. उलट त्यानं मोठा सुस्कारा सोडला. तो मनाचा वाईट नव्हता. त्याला स्वतःचंच कळत नव्हतं. चाळीस हत्ती होते, बसला होता दोनांवर. पाय दोन आणि जोडे सातशे. तरी नवं काही दिसलं की जीव कासावीस व्हायचा. वैद्य म्हणाले पित्त, जोशी म्हणाले शनी, शास्त्रीबुवांनी तर सगळा दोष मागच्या जन्मावर ढकलून दिला. राजानं तिघांचंही ऐकलं आणि त्याच आठवड्यात आणखी तीन छत्रं करवून घेतली.

"मुली," राजा म्हणाला, "माझ्या या हावेचं मूळ शोधून माझ्या हातात आणून ठेव. तिसऱ्या दिवशी ठेवलंस तर बन तुमचं. नाही ठेवलंस तर वाडीचा नदीवरचा घाटही माझा."

हावेचं मूळ! ते काय रताळ्याचं मूळ आहे, खणलं आणि काढलं? वाटभर लोक साळूला बोल लावत होते. धर्मूनं घरी येताच बोचकं बांधायला काढलं. साळू मात्र अंगणात बसून कोंबड्या बघत राहिली. सुपातले दाणे पसरलेले होते, हव्या तितक्यांनी खावे. एका कोंबडीनं कुठूनशी चिंधी उचलली मात्र, बाकीच्या दाणे टाकून तिच्या मागे धावल्या. अंगणभर नुसता गोंधळ. साळू इतकी हसली, इतकी हसली, की बापाला वाटलं पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

तिसऱ्या दिवशी ती दरबारात आली ती झाकणाची एक लहानशी टोपली छातीशी कवटाळून. पुढे न येता खांबाला टेकून बसली. राजानं विचारलं, मूळ आणलंस का? ती म्हणाली, जरा दम धरा, देते. मग टोपलीत काय आहे? "ते तुमच्या कामाचं नाही, महाराज."

राजा कामाला लागला. पण त्याचं लक्ष कशातच लागेना. अर्ज कानावर पडत होते, डोळे टोपलीवर होते. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. साळूनं टोपली पदराखाली घेतली आणि सांगितलं की अशी ही एवढी एकच आहे.

प्रधान त्र्यंबकपंतांनाही आता राहवेना. ते मान लांब करून डोकावले. साळूनं बोटभर झाकण उचलून त्यांना आत दाखवलं. पंतांनी पाहिलं, साळूकडे पाहिलं, आणि मिशीत हसून म्हणाले, "वा!"

झालं! राजा सिंहासनावरून अर्धा उठला. पंतांनी काय पाहिलं? पंत म्हणाले, वस्तू तिची, सांगायचं तर तिनं सांगावं. राजानं टोपलीसाठी एक हत्ती देऊ केला. साळू म्हणाली, नको. दोन हत्ती देऊ केले, वर एक छत्र. तरीही नको. ती उठून पदर सावरू लागली आणि सहज म्हणाली, "उशीर झाला. देवपूरच्या राजाला दाखवून बघते."

"त्याला? मुळीच नाही! वेळूचं बन घे, पण टोपली इथे ठेव!"

साळूनं लेखी मागितलं. लिहून झालं, शिक्का बसला. राजानं टोपली हिसकावलीच, झाकण उघडलं. आत वेळूच्या सालींचा भुसा! त्यानं तळापर्यंत हात घातला. भुसाच.

राजाचे कान लाल झाले. "ही फसवणूक आहे."

"मी तर आधीच म्हटलं होतं, तुमच्या कामाचं नाही," साळू म्हणाली. "सकाळी मी आले तेव्हा या टोपलीत जेवढा भुसा होता, तेवढाच आत्ताही आहे. मी ती लपवली तेव्हा तुम्हाला ती हवीशी वाटली. पंतांनी पाहिली तेव्हा तुम्हाला बसवेना. देवपूरचं नाव निघालं आणि एवढं मोठं बन तुम्हाला टोपलीहून हलकं वाटलं. टोपलीत तर काही वाढलं नाही महाराज, मग वाढलं ते कुठे?"

राजानं भुशाची मूठ वर काढली. हातातल्या भुशाकडे बघत राहिला. मग हळूच बोलू लागला, जणू दरबारात कुणी नाहीच. लहानपणी थोरल्या भावाचं ताट आधी वाढलं जायचं. आंबे आधी त्याला, घोडा आधी त्याला. याच्या वाट्याला उरलेलं, आणि कधी तेही नाही. म्हणून जे दिसेल ते आधी उचलायचं, ही सवय लागली ती लागलीच. तो थोरला भाऊ जाऊनही आता वीस वर्षं झाली होती.

साळूचा आवाज मऊ झाला. "महाराज, आता पंगतीत तुमच्या आधी कुणीही बसलेलं नाही. सावकाश जेवा."

मग राजाच्या पोटातून जे हसू फुटलं, त्यानं मुकुट कलला, पंतांची पगडी सुटली, भालदारांचे भाले एकमेकांवर आपटले. डोळे पुसत राजानं बनाबरोबर घाटही वाडीच्या नावे केला, वर साळूला दोन हत्ती देऊ केले. त्यांना खायला कुठून घालू, म्हणून तिनं ते नाकारले; आपली टोपली तेवढी परत मागितली, बाजारात खपली असती.

"बन घे, घाट घे," राजा टोपली छातीशी धरून हसत म्हणाला, "ही मात्र मी देणार नाही!"