उंबऱ्यावरची यल्लाबाई

गिरण्या यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. तेव्हा हिंगणमाळात पहाटे घरोघरी जाती फिरायची. अशाच एका पहाटे पेंढारी आले. जात्यांच्या घरघरीत घोड्यांच्या टापा कुणालाच ऐकू आल्या नाहीत. गाव जळालं, माणसं कापली गेली.

पेंढारी गेले, पण भीती गावातच राहिली, असं म्हणतात. गावानं आवाजच टाकून दिला. बैलांच्या घुंगरमाळा सुटल्या, पाळण्यावरची गाणी थांबली, जात्याला तर कुणी हात लावीना. लोक ज्वारी भिजवून चावायचे. पण गावातल्या ठकूच्या पोराला अजून दातही नव्हते आणि तिचं दूध भीतीनं आटलेलं. पोर रोज थोडं थोडं वाळत होतं. ठकूला ते दिसत होतं, तरी जात्याचा खुंटा धरला की तिला दरदरून घाम फुटायचा.

अशात यल्लाबाई वडारीण आली. झिजलेल्या जात्याला छिन्नीनं टाकी लावत, पुन्हा खरबरीत करत ती गावोगाव हिंडायची. तिची हाक ऐकताच दारं पटापट लागली. ठकूचं दार जळालेलं, ते कुठून लागणार!

“दळत का न्हाईस गं? पोर मरंल की.”

“दळताना टापा ऐकू येत न्हाईत, आजी.”

यल्लाबाई उंबऱ्यावर बसली, घराकडं पाठ आणि वाटेकडं तोंड करून. “तू दळ. मी ऐकती.”

ठकूनं खुंटा फिरवला मात्र, तिला टापा ऐकू आल्या. किंचाळून ती पोरासकट कणगीमागं लपली. म्हातारी जागची हलली नाही.

“त्या तुझ्या छातीतल्या हायेत, लेकी. भायेरच्या मला ऐकू येतील.”

रोज हेच. ठकू भ्यायची, लपायची, पुन्हा जात्याशी यायची. हळूहळू पोराच्या पोटात पेज जाऊ लागली. मग इतर बायकांनीही जाती पुसली. पुढं पुढं तर एकाच वेळी घरोघरच्या उंबऱ्यावर यल्लाबाई बसलेली दिसायची, असं म्हणतात.

एके सकाळी मात्र ती उठली. “थांब. ह्या खऱ्या.”

गाव डोंगराकडं पळालं. ठकूनं वळून पाहिलं, तर म्हातारी आत जात्याशी बसलेली. पेंढारी वेशीत शिरले आणि गावातली सगळी जाती एकदम फिरू लागली. दळायला माणूस नाही आणि घरोघरी घरघर! घोडे बुजले, उधळले, स्वारांना घेऊन आल्या वाटेनं पळाले. लोक परतले तेव्हा जात्याभोवतीचं पीठ अजून गरम होतं. यल्लाबाई कुठंच नव्हती.

दुसऱ्या गावांत उंबऱ्यावर बसलं की थोरली माणसं रागावतात. हिंगणमाळात रागावत नाहीत. आजही कुणाच्या घरी मारहाण झाली, खून पडला, की शेजारीण न बोलावता जाते आणि त्या उंबऱ्यावर वाटेकडं तोंड करून बसते. आतली बाई घाबरून लपली, तर लपू देते. जाती जाऊन किती वर्षं झाली, पण म्हणायचं तेच:

“तू दळ. मी ऐकती.”