महाद्वारावरचं धोतर

पंधरा दिवसांत विद्यापीठाचा धूर थांबला नाही, तर बंबखान्याला कायमचं कुलूप, असा उदंडराय महाराजांनी हुकूम सोडला. धूर मोजायची युक्तीही त्यांचीच. महाद्वारावर पांढरंशुभ्र धोतर टांगायचं आणि रोज भर दुपारी महाराजांनी जातीनं येऊन बघायचं. ते रोज काळं निघे, रोज नवं टांगलं जाई.

पंडितांनी डोकी लावली. धूर शमावा म्हणून त्यांनी तीन दिवस होम केला. त्या तीन दिवसांत तर महाद्वारच दिसेना.

बंबखाना गेला, तर पोटावर पाय येणार होता भिवराच्या. तीनशे विद्यार्थ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवण्यात तिचा जन्म गेला होता. शेवटचा दिवस माझ्या हाती द्या, असं तिनं कुलगुरूंना सांगितलं. बिचाऱ्यांकडे द्यायला दुसरं काही उरलंही नव्हतं.

त्या दिवशी भिवरानं बंब पेटवलाच नाही. पाण्याची घंगाळी सकाळीच गच्चीवर उन्हात मांडली. स्वयंपाकघराला सुट्टी, सगळ्यांना दहीपोहे. दुपारपर्यंत धोतर जसंच्या तसं पांढरं होतं.

मग महाराजांची स्वारी आली. राजा दिवसाउजेडी निघाला, तरी त्याच्यापुढे दोनशे पेटत्या दिवट्या हव्यात, असा सात पिढ्यांचा मान होता. दिवटीवाले नेहमीसारखे महाद्वाराखाली येऊन थांबले, आणि सगळ्यांच्या देखत धोतर काळं होत गेलं.

"बाई, हे काय?" महाराज गरजले.

"आपण येईपर्यंत पांढरं होतं, महाराज."

कुलगुरूंनी डोळे मिटून घेतले.

"म्हणजे आम्ही यायचं नाही?"

"यायचं की! आपण बघितलं नाही, तर ते पांढरं आहे हे ठरवणार कोण?"

"मग दिवट्या विझवू? दिवटीवाल्याशिवाय आम्ही उंबरा ओलांडत नाही!"

"मान राहू द्या, महाराज. दिवटीवाला तेवढा बदला." भिवरानं आभाळाकडे बोट केलं. "तेल मागत नाही, धूर सोडत नाही. आज तीनशे पोरांचं पाणी यानंच तापवलं."

महाराजांनी वर सूर्याकडे पाहिलं आणि त्यांना सटासट चार शिंका आल्या. तरी हट्ट सुटेना. नाक पुसत त्यांनी विचारलं, "आणि आभाळ भरून आलं तर?"

"तर दिवटीवाला रजेवर! त्या दिवशी आपणही घरी पाय पसरून पडावं. या दोनशे जणांनी सात पिढ्यांत एकदाही रजा घेतली नाही, म्हणून तर आपल्या घराण्यात कुणाला सुट्टी मिळाली नाही."

 महाराज असे खदखदून हसले की मुकुट कानावर आला. दिवट्या तिथंच विझवल्या आणि दोनशे जणांना विद्यापीठात झाडं लावायला धाडलं. बंबखाना भिवराकडे जन्मभरासाठी राहिला. दसऱ्याला मुख्य दिवटीवाल्याला भरजरी शेला देण्याची रीत होती. नव्या दिवटीवाल्याला दरबारात येणं जमण्यासारखं नसल्यानं, त्याच्या वतीनं तो दरसाल भिवरानंच घ्यावा, असं महाराजांनी फर्मावलं.