पहिल्या बाकाचा मान

नावेत बसायचे पैसे वेगळे आणि नावेत कुठे बसायचं ते ठरवायचे पैसे वेगळे! उदाजीराजांनी असा हुकूम काढला आणि कुंभेरी नदीच्या दोन्ही काठांवरचे लोक कपाळाला हात लावून बसले.

बाकाच्या टोकाला वारा खात बसायचं असेल तर दोन आणे. पुढच्या बाकावर आणखी एक. काहीच दिलं नाही, तर कारभारी त्रिंबकराव बोट दाखवतील तिथे. आणि त्रिंबकरावांचं बोट नेमकं जिथे पाणी झिरपतं तिकडेच वळायचं. सवलत फक्त सारखी ये-जा करणाऱ्यांना. शंभर फेऱ्यांना तांब्याचा बिल्ला, पाचशेंना चांदीचा. आणि साऱ्या राज्यात ज्याच्या फेऱ्या सगळ्यांत जास्त, त्याला सोन्याचा! त्याने आधी चढायचं, पहिल्या बाकावर गादीवर बसायचं, शहाळं प्यायचं आणि छत्री दुसऱ्याने धरायची. हा बिल्ला महाराजांच्याच छातीवर होता, हे सांगायला नकोच. पलीकडच्या काठावर त्यांची आमराई होती. कैऱ्या किती वाढल्या ते बघायला ते रोज जायचे.

नाव मात्र हौसाची. नवऱ्याचा खांदा निखळला तेव्हापासून, म्हणजे हा हुकूम निघायच्या कितीतरी आधीपासून, वल्हं तिच्या हातात आलं होतं.

एके दिवशी एक आजी-आजोबा नावेत चढले. आजोबांना दिसत नव्हतं. त्रिंबकरावांनी आजीला मधल्या गळक्या बाकावर बसवलं आणि आजोबांना पार मागे.

"अहो, त्यांचा हात धरायला नको का मी?" आजी काकुळतीला आली.

"शेजारी बसायचंय? म्हणजे जागा निवडल्यासारखंच झालं. काढा चार आणे!"

हौसाने वल्हं बाजूला ठेवलं, आजोबांना हाताला धरून पुढे आणलं आणि आजीच्या शेजारी बसवलं.

संध्याकाळी तिला दरबारात बोलावणं आलं.

"माझा हुकूम मोडलास?" महाराज कडाडले.

"मोडला नाही, महाराज. जरासा सरकवला."

दरबारात खसखस पिकली. महाराजांनी मिशीआड हसू दाबलं, पण हट्ट काही सोडला नाही.

"फार बोलतेस! ऐक. आमच्या राज्यात मान फेऱ्यांचा. माझ्याहून जास्त वेळा नदी ओलांडलेला माणूस आठ दिवसांत माझ्यासमोर आण. आणलास तर पहिला बाक त्याचा, आणि तो म्हणेल तसा हुकूम बदलू. नाही आणलास, तर नाव सरकारजमा!"

नाव गेली तर घरात खायचं काय? हौसाने दोन्ही काठ पालथे घातले. दूधवाल्याला विचारलं, घोंगडीवाल्याला विचारलं, पलीकडे शिकवायला जाणाऱ्या पंतोजींना विचारलं. कुणाच्याच फेऱ्या महाराजांइतक्या भरेनात. त्यात महाराज पडले हट्टी! कुणी गाठू नये म्हणून ते दिवसातून दहा-दहा वेळा जाऊ-येऊ लागले. आमराईत पाय टेकवला न टेकवला की परत नावेत. त्रिंबकराव छत्री धरून धरून वाकडे झाले.

तिसऱ्या दिवशी, दहाव्या फेरीला, हौसाचे दंड भरून आले. "बाई गं," ती मनाशी म्हणाली, "महाराज बसून दमत नाहीत, आणि मी वल्हवून वल्हवून..."

आणि ती एकदम थांबली. मग खुदकन हसली.

"काय झालं गं?" महाराजांनी विचारलं.

"काही नाही. आणखी एक फेरी मारायची का, महाराज?"

त्या दिवसापासून हौसाच आग्रह करू लागली. महाराज खूश! बारा फेऱ्या झाल्या, पंधरा झाल्या.

आठव्या दिवशी नाव नदीच्या मधोमध आली आणि महाराजांनी विचारलं, "काय हौसा, सापडला का माणूस?"

"सापडला की! नावेतच आहे."

महाराजांनी मागे-पुढे पाहिलं. नावेत ते, त्रिंबकराव आणि हौसा. "कुठे आहे?"

"ही काय, मी! तुमची एकेक फेरी मोजा, महाराज. त्यातली एक तरी माझ्यावाचून झाली का? शिवाय रोज सकाळी तुम्हाला घ्यायला पलीकडून रिकामी नाव आणते, ती फेरी निराळीच. दूधवाल्याच्या, पंतोजींच्या फेऱ्या तर अजून धरल्याच नाहीत!"

महाराज बोटांवर हिशेब करू लागले.

हौसाने वल्हं खाली ठेवलं, पदर खोचला आणि पहिल्या बाकाशी येऊन उभी राहिली. "सरकता का जरा?"

महाराज सरकले! हौसा गादीवर ऐसपैस बसली. "त्रिंबकराव, छत्री इकडे. आणि शहाळं गोड बघून द्या."

"अगं बये, नाव वाहत चालली!" त्रिंबकराव किंचाळले. "वल्हवणार कोण?"

"सोन्याच्या बिल्लेवाल्याने वल्हवायचं असं हुकुमात कुठे लिहिलंय?"

नाव गरगर फिरू लागली. महाराजांनी स्वतः वल्हं उचललं. एक हात मारला, तर नाव उलटी फिरली. दुसरा मारला, तर त्रिंबकराव नखशिखांत भिजले.

"हरलो, हौसा!" महाराजांनी छातीवरचा बिल्ला काढून तिच्या हातात ठेवला. "बोल, हुकूम कसा बदलायचा?"

"जो आधी येईल त्याने हवं तिथे बसावं. म्हाताऱ्यांना, लेकुरवाळ्यांना पुढचा बाक. आणि जागेचे पैसे बंद!"

"बंद! तुला नवी कोरी नावही देतो. पण आता वल्हं घे, माझे आई! आपण पार खालच्या धरणाकडे वाहत चाललोय!"

"घेते की. पण महाराज, वल्ह्याजवळ बसायचं म्हणजे मी जागा निवडल्यासारखंच झालं. तुमचा नवा हुकूम तर काठावर गेल्यावर निघणार. मग आत्ताचे दोन आणे कोण भरणार?"

महाराज इतके हसले, इतके हसले, की वाहती नाव डुलायला लागली. डोळे पुसत त्यांनी कमरेची थैली सोडली आणि अख्खीच्या अख्खी तिच्या ओटीत टाकली.

"मी भरतो, बाई, मी भरतो!"