वाटणीतली आगगाडी

कोण्या एका गावी एक म्हातारा राहत होता. त्याला दोन मुलगे होते आणि दोघेही हुशार होते, त्यामुळे घरात वाटणी व्हायला फार वेळ लागला नाही.

पंच बसले. जमीन वाटली, भांडी वाटली. शेवटी माळ्यावरून खेळण्यातली एक आगगाडी निघाली. चावीचं इंजिन, दोन डबे आणि पत्र्याचे रूळ. मुलं लहान असताना बापाने ती जत्रेतून आणली होती. गाडी उशांच्या डोंगराआड गेली की बाप विचारी, "येईल का रे परत?" आणि ती दुसऱ्या बाजूने निघाली की दोघे एकदम ओरडत, "आली!"

आता ती कोणी सोडेना. पंचांनी पुष्कळ विचार केला, पुन्हा एकदा चहा घेतला आणि निवाडा दिला. थोरल्याला इंजिन आणि सरळ रूळ, धाकट्याला डबे आणि वाकडे रूळ. वाटणी अगदी समान झाली. वडिलांचे तुकडे करता येत नव्हते, म्हणून त्यांची पाळी लावली.

पुढे धरण आलं, गाव पाण्याखाली गेलं आणि सगळे नव्या वसाहतीत राहायला आले. तिथे थोरल्याची पाळी चालू असताना म्हातारा अंथरुणाला खिळला. एक दिवस तो म्हणाला, "आपलं गाव एकदा बघायचं होतं रे. गाडी डोंगराला वळसा घालून स्टेशनात येताना."

थोरल्याचा हात कसबी होता. त्याने खाटेजवळ फळ्या टाकल्या. गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवून डोंगर उभा केला. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून डिंकावर पसरला, त्याचं गवत झालं. काचेच्या तुकड्याची नदी झाली, काड्यापेट्यांची घरं झाली. म्हातारा पडल्या पडल्या एकेक घर ओळखू लागला. "हे आपलं दार. इथे बसून तुझी आई तांदूळ निवडायची."

मग थोरल्याने रूळ मांडले. सरळ असल्यामुळे ते सरळ गेले. इंजिन स्टेशनातून निघालं, डोंगराजवळ पोचलं आणि फळीवरून खाली पडलं. त्याने एक रूळ वाकवून पाहिला, तर पत्रा चिरला. तसले रूळ बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडले होते.

"अहो, भावजी दोन गल्ल्यांपलीकडे राहतात," बायको म्हणाली. "मी जाऊन घेऊन येते."

"या घरातून कोणी तिकडे जायचं नाही. त्याला कळत नाही का? आणून द्यावेत त्याने."

त्याला कळत होतं. बातमी वसाहतभर झाली होती. धाकट्याने वाकडे रूळ पुसून, डब्यांसकट पिशवीत भरून दाराशी ठेवलेही होते. "दादाने बोलावलं की निघालो," असं तो रोज बायकोला सांगे आणि रोज घरीच बसे.

इकडे थोरल्याने डोंगराला बोगदा पाडला. रुळांचं टोक आत लपलं. इंजिन आत शिरे आणि अडून राही. बघणारे म्हणत, "काय हुबेहूब डोंगर केलाय." म्हातारा मात्र बोगद्याकडे बघत राही.

"येईल का रे परत?"

"येईल, बाबा. बोगदा जरा लांब आहे," थोरला म्हणे, आणि डोंगरावर आणखी एक झाड लावी.

डोंगरावर चांगलं रान झालं. मग एका सकाळी म्हातारा गेला. तोंड बोगद्याकडेच होतं.

तेराव्याला, पानं उठल्यावर, धाकटा पिशवी घेऊन आला. "निरोप दिला असतास तर तेव्हाच आणले असते, दादा."

"आणले असतेस तर मी काय नको म्हटलं असतं?"

दोघे खाली बसले. डोंगराची मागची बाजू फोडून त्यांनी वाकडे रूळ मांडले. ते फळ्यांवर बरोबर बसले. धाकट्याने मान वर केली.

"वळणाला जागा सोडली होतीस की."

थोरला इंजिनाला चावी देत राहिला.

डबे जोडून गाडी निघाली. बोगद्यात शिरली, दिसेनाशी झाली. गाडी डोंगराला वळसा घालून पलीकडून निघाली आणि स्टेशनात येऊन थांबली.

"आली," थोरला हळूच म्हणाला आणि सवयीने खाटेकडे वळला. खाट भिंतीला उभी करून ठेवलेली होती.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: ज्याला हवं आहे त्याने मागावं, ज्याच्याजवळ आहे त्याने न मागता द्यावं. आधी कोणी, हे ठरवायला दोघांना सवड असते. मध्ये जो ताटकळतो, त्याला नसते.